तळाशी ठेवलेली पायली

मी तांदळाची कोठी बोलतेय. हळूच बोलते, कारण पत्र्याची आहे. एवढासा आवाजही पोटात घुमतो. झाकण आपटलं की अजून दचकते.

भंडाऱ्याच्या एका कारागिरानं मला घडवलं. पवनीजवळच्या गावात, टिकाराम आणि कुंताबाईंच्या स्वयंपाकघरात मी आले त्याला चोवीस वर्षं झाली. दरवर्षी धान भरडून आलं की कुंताबाई मला भरतात, वर कडुलिंबाचा पाला घालतात. आणि कितीही ओढाताण असली तरी तळाशी पायलीभर तांदूळ ठेवतातच. कोठी रिकामी करायची नाही, हा त्यांचा नेम.

त्याच नेमाचा त्यांच्या मुलानं आधार घेतला. चंद्रकुमार नागपूरला नोकरी करतो, कविता लिहितो. सुटीत आला की, सगळे धानाच्या बांधीत गेलेले असताना, माझ्या अंगाला पाठ टेकून वहीतून वाचायचा. मेट्रोच्या काचेत शेजारी दिसणारे दोन चेहरे, सीताबर्डीच्या गर्दीत चुकून धरलेला आणि मग न सोडलेला हात. कवितांत सारखा अतुल असायचा. अतुल त्याच्या खोलीतला सोबती, त्याचं प्रेम. हे फक्त मला ठाऊक होतं. एक कविता तर मला पाठच आहे:

घरमालकानं विचारलं, दोघं कोण लागता?
अतुल, तू म्हणालास, एका गावचे.
आपलं गाव कोणतं,
त्यानं विचारलं नाही.
मीही नाही.

मागच्या उन्हाळ्यात अतुलचं लग्न झालं. चंद्रकुमार त्या पंगतीत वाढायला होता. त्या पंगतीवर लिहिलेली कविता मला वाचून दाखवताना तो तीनदा थांबला. खिशातून काडीपेटी काढली, परत ठेवली. मग वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या तळाशी खुपसली. पुढे घरच्यांनी स्थळ आणलं, तेव्हा ‘चालेल’ म्हणाला.

लग्न येत्या बुधवारी. घर पाहुण्यांनी भरलं आणि माझ्यातले तांदूळ भराभर उतरले. रोज माप आत आलं की माझा जीव वर यायचा. काल दुपारी कुंताबाई अक्षतांची हळद कालवून उठल्या आणि वाकून अर्ध्या माझ्यात शिरल्या.

“काहून वं आई, कोठीतच झोपून राहिली का?” अंगणातून त्यांची लेक उर्वशी हसली.

“नवरदेवाच्या अक्षता हायेत. घरचेच तांदूर पाहिजेत.”

मी ओरडले. माझं ओरडणं म्हणजे पत्र्याची जराशी कुरकुर. पिशवी त्यांच्या हाताला लागली.

कुंताबाई चौथी शिकलेल्या. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत वाचतात. “एका गावचे...” त्या पुटपुटल्या, “अतुल त नाकाडोंगरीचा. मंग गावचे कसे?” दिवाळीला आलेल्या अतुलला त्यांनीच आग्रह करकरून अनारसे वाढले होते.

मग पंगतीच्या कवितेचं पान आलं. ओळीखालचं बोट एका जागी थांबलं.

बऱ्याच वेळानं त्यांनी पिशवीला गाठ मारली, वही जागेवर ठेवली आणि वर तांदूळ सारखे केले, लेकराच्या अंगावर पांघरूण सारखं करावं तसे.

“अक्षतीचे तांदूर दुकानातून आणा,” त्या टिकारामांना म्हणाल्या.

“धानवाल्याच्या घरी इकतचे तांदूर? लोकं हासतीन ना वं!”

“हासू द्या.”

“अवं, पण कोठीत हायेत ना?”

“कोठी रिकामी करत नाही मी,” म्हणून त्यांनी झाकण लावलं. इतकं हळू की मी दचकलेसुद्धा नाही.

उद्या चंद्रकुमार येईल. आईला काही ठाऊक नाही, असं समजून हसेल. आपल्याला कळलंय हे त्याला कळू नये, म्हणून आईही हसेल. दोघं माझ्यापासून दोन हातांवर बसून जेवतील. आणि बुधवारी नवरी होऊन दीपमाला येईल. त्या पोरीनं कुणाचं काय केलंय? चार दिवसांनी तीही माप घेऊन माझ्यात वाकेल. दोघांचं गुपित माझ्या पोटात आहे आणि मला तोंड म्हणून आहे ते नुसतं झाकण.

चंद्रकुमार, बुधवारच्या आधी एकदा मला पाठ टेकून बस. हात घाल, ती गाठ सोड. पंगतीच्या पानावर, अतुलच्या नावाखाली, हळदीचं बोट उमटलंय बघ.

ते तुझ्या आईचं आहे.