मालक म्हणतात

सुताची लडी टेबलावर आपटून मालक ओरडले, "हा शेवाळी हिरवा? गिऱ्हाईक विचारतंय, हिरव्याचा तपकिरी कुणी केला!"

लडी घसरून जावयाच्या पायाशी पडली. त्याने ती उचलली, झटकली आणि परत टेबलावर ठेवली. रंगवलेला सगळा माल परत आला होता. दारात गठ्ठ्यांची चळत उभी होती आणि टाक्यांवरची माणसं कामात असल्याचं सोंग करून कान इकडे लावून होती.

"रंग मी मिसळला, आजोबा," नातू म्हणाला. विशीतला उंच पोरगा, पण आजोबांसमोर उभं राहिलं की वीतभर कमी व्हायचा. "पण लडी तुम्हाला दाखवली होती. तुम्ही वर नेऊन पास केलीत."

"मला दाखवलीस ती वेगळी होती."

"तीच होती, आजोबा."

"म्हणजे मी खोटं बोलतोय? दाखवायची एक आणि टाकीत घालायची दुसरी, ही अक्कल कुणी शिकवली तुला?"

नातवाने लडी हातात घेतली, खिडकीकडे धरली, उलटसुलट करून पाहिली. मग हळूच म्हणाला, "मला तर हा अजूनही हिरवाच दिसतोय."

टाक्यांवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. लाल थोडा घातला की हिरवा मंदावतो आणि शेवाळी होतो, एवढं या रंगशाळेतल्या झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. पोरगा लाल घालत गेला होता, घालतच गेला होता, कारण त्याच्या डोळ्याला फरकच कळत नव्हता.

"वा!" मालक म्हणाले. "रंगाऱ्याच्या घरात रंगांधळा. आमच्या तीन पिढ्यांत असला डोळा जन्मला नाही." बोलत होते नातवाशी, पण बघत होते जावयाकडे. "आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? काय जावईबापू? तुमच्याकडे होतंच काय द्यायला? एक रक्त होतं, तेही असं."

घरजावयाने बोलायचं नसतं, हे जावई फार पूर्वी शिकला होता. त्याची नखं निळीच्या टाकीने कायमची निळी झाली होती, रोज मालकांच्या आधी रंगशाळेत यायचा तो, आणि गिऱ्हाइकाशी ओळख करून देताना मालक त्याला 'आमचा माणूस' म्हणायचे. कामगारही असाच 'आमचा माणूस' असतो.

"सोमवारपासून माझा पुतण्या येईल. तुम्ही बापलेक दुसरीकडे पोट भरा. लबाडी चालायची नाही इथे."

मागे गठ्ठे बांधायच्या टेबलापाशी ताई उभी होती. मालकांची एकुलती एक लेक, जावयाची बायको, पोराची आई. रंगशाळेत सगळे तिला ताईच म्हणत. तिच्या हातातल्या सुतळीची गाठ इतकी करकचून बसली की पुढे ती कापावी लागली. नवऱ्याचा अपमान तिने आयुष्यभर गिळला होता. आज मात्र पोराला लबाड म्हटलं होतं, तेही चारचौघांत.

"डोळे तपासून आणते त्याचे," ती म्हणाली.

"आण. आणि कुणाची देणगी आहे तेही विचारून ये."

*

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती. तिने पोरासमोर रंगीत ठिपक्यांच्या चित्रांचं पुस्तक उघडलं. ताईला प्रत्येक पानावर ठळक आकडा दिसत होता. पोराला नुसते ठिपके दिसत होते. पहिल्यांदा तो हसला, नंतर हसायचा थांबला.

"लाल आणि हिरवा," डॉक्टर म्हणाली. "या दोन्हींत गल्लत होते ह्याची. जन्मापासूनचं आहे. औषध नाही, पण वाढणारही नाही. काळजीचं काही नाही तसं."

"आमची रंगशाळा आहे," ताई म्हणाली.

"अरे देवा," डॉक्टर म्हणाली आणि मग आपण बोललो याचं तिला वाईट वाटलं.

"हे त्याच्या वडिलांकडून आलं का? घरी सगळे तेच म्हणतात."

"वडिलांकडून? शक्यच नाही." डॉक्टरने कागद ओढून त्यावर दोन फुल्या काढल्या. "बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. मुलगा होतो तेव्हा बाप त्याला वाय देतो. एक्स मिळतो तो आईचा. आणि हा दोष बसलेला असतो एक्सवर. त्याच्या वडिलांचा ह्यात काडीचा संबंध नाही."

ताई फुल्यांकडे बघत राहिली. "म्हणजे माझ्याकडून. पण मला तर सगळे रंग दिसतात."

"तुमच्याकडे दोन आहेत ना. एक बिघडलेला असला तरी दुसरा निभावून नेतो. बाहेर कुणाला पत्ता लागत नाही. पुरुषाकडे एकच, तो बिघडला की झालं." डॉक्टरने चिठ्ठीवर काहीतरी खरडलं. "तुमच्याकडे आला तो तुमच्या आईकडून तरी, नाहीतर वडिलांकडून. वडिलांचे रंग कसे आहेत?"

ताई हसली. "वडील? त्यांच्या डोळ्यावर तर आमची रंगशाळा उभी आहे. डॉक्टरबाई, लोक दुरून नमुने घेऊन येतात त्यांच्याकडे."

"बघा हं. आजोबांना असेल तर मुलीकडून नातवात उतरतं. पुष्कळदा असंच सापडतं."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ताईचं हसू विरलं. पोरगा पुढे चालत होता. तिने मागून हाक मारली.

"आपला माल परत आला तो. ती लडी आजोबांनी पास केली, त्या दिवशी आजी कुठे होती रे?"

"आजी? मावशीआजीकडे. तिचा पाय मोडला होता ना, तेव्हा गेली होती चार दिवस."

ताई रस्त्यात तशीच उभी राहिली. मागून येणारा सायकलवाला करवादून बाजूने गेला.

रंगशाळा खाली आणि घर वर. कुठलीही छटा पास व्हायची ती वरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत, कारण ती उत्तरेची, तिथला उजेड खरा, असं मालकांचं म्हणणं. मास्तर, म्हणजे टाक्यांवरचा जुना कारागीर, वाळवलेली लडी आणि गिऱ्हाइकाचा नमुना घेऊन वर यायचा. मालक दोन्ही घेऊन आत जायचे आणि दार लावायचे. आत आई असायची, चुलीपाशी. लहानपणी ताईलाही बाहेर हाकलत, गडबड नको म्हणून. थोड्या वेळाने मालक बाहेर येऊन सांगायचे आणि मास्तर जिन्यात वाकून खाली ओरडायचा, "मालक म्हणतात, निळा वाढवा!" किंवा, "मालक म्हणतात, पास!" चाळीस वर्षं ही आरोळी त्या जिन्यातून गेली होती. शेजारची पोरंसोरंही खेळताना एकमेकांना 'मालक म्हणतात' करून चिडवत.

तिला एकेक आठवायला लागलं. बाबांनी कधी बाजारातून फळं आणली नाहीत. बाबा जन्मभर पांढरेच कपडे घालत आले. रंगाऱ्याने पांढरंच घालावं, असं ते म्हणायचे आणि लोक त्या वाक्यावर माना डोलवायचे. आणि आई कुठे गेली की रंगशाळेला नेमकी सुट्टी असायची! मोठ्या मनाने द्यायचे ती सुट्टी. या वेळी गिऱ्हाइकाची घाई होती, सुट्टी देता आली नव्हती.

ताईला आधी रडू येईल असं वाटलं. आलं नाही. तिचे कान तापले. नवऱ्याची वीस-पंचवीस वर्षं, पोराच्या तोंडावर मारलेली ती 'लबाडी', आणि आई. आईच्या डोळ्यांवर मिरवलेला तो सगळा तोरा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या तिच्या घरात आयुष्यभर चालल्या होत्या आणि ती खाली बसून गठ्ठे बांधत होती.

*

वर गेली तेव्हा मालक खुर्चीत बसले होते. आई भिंतीपाशी बसून पांढरे सदरे घड्या करत होती. जावई खाली टाकीवर होता. सोमवार यायचा होता, तोवर काम होतंच.

"काय म्हणाली डॉक्टर?" मालकांनी विचारलं. "कुणाची देणगी?"

"आड शोधायलाच गेले होते, बाबा," ताई म्हणाली. "सापडला. ह्यांच्याकडून नाही आलं ते. बाप मुलाला हे देऊच शकत नाही. माझ्याकडून आलंय."

मालकांनी आईकडे मान वळवली.

"मग हिच्या माहेरचं. मी म्हणतच होतो. ह्यांच्या घरात रंग कळणारं होतंच कोण?"

आईचे हात सदऱ्यावर थांबले. ताईचा तोल सुटला. "बाबा, शरम..." एवढं बोलली आणि थांबली. आईने तिच्याकडे बघून हलकेच मान हलवली होती. नको, असं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. मास्तर दारात आला. एका हातात नवी लडी, एका हातात गिऱ्हाइकाचा नमुना. मागे पोरगा होता.

"शेवाळीचा दुसरा घाणा, मालक. गिऱ्हाईक खाली बसलंय. म्हणतंय, आज नाही जमलं तर काम दुसरीकडे."

मालक उठले. लडी आणि नमुना घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले आणि दारात थबकले. मागे वळून आईकडे बघितलं. आई बसलेलीच होती.

"चल," ते म्हणाले. "पाणी दे प्यायला."

"माठ भरलेला आहे," आई म्हणाली. "भांडंही तिथेच आहे."

"चल म्हणतो ना."

"नको. माझ्या माहेरी रंग कळणारं कोणी नव्हतं."

हे तिने चिडून म्हटलं नाही. सदऱ्याची बाही नीट दुमडत म्हटलं.

मालक आत गेले. दार लावलं. मास्तर जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता, आरोळी द्यायच्या तयारीत. ताईला वाटलं, बसू दे आत. कुजू दे तिथे. त्या खऱ्या उजेडात उभं राहून बघू दे, काय दिसतं ते. आयुष्यात पहिल्यांदा तिला बापाचं वाईट व्हावंसं वाटत होतं आणि त्याची लाज वाटत नव्हती.

दार उघडलं. मालकांनी आधी आईकडे बघितलं, मग मास्तरकडे, मग हातातल्या दोन सुतांकडे. दोन्ही सुतं त्यांनी एकमेकांपासून लांब धरली होती, जवळ आणली तर चावतील तशी.

"पास," ते म्हणाले. पण शेवटी आवाज वर गेला, विचारल्यासारखा.

मास्तर जिन्यात वाकला.

"थांबा, मास्तर," आई म्हणाली.

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. नवऱ्याच्या हातातून लडी घेतली, नमुना घेतला आणि स्वयंपाकघरात न जाता जिन्याच्या दारात, सगळ्यांसमोर, उजेडाला धरला. फार वेळ लागला नाही.

"लाल डोकावतोय अजून. पिवळा थोडा वाढवा. निळा अगदी चिमूटभर." लडी मास्तरच्या हातात देताना ती नातवाकडे वळली. "आणि तुझी ती लडी कुणी बदलली नव्हती बाळा. मी बहिणीकडे गेले होते त्या दिवशी."

मालक खुर्चीचा हात धरून उभे होते. पांढरे शुभ्र. ते खोडून काढतील म्हणून ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. बसायचंही त्यांना सुचलं नाही. पोरगाच पुढे झाला आणि त्याने खुर्ची त्यांच्या मागे सरकवली.

मास्तरने सवयीने मालकांकडे पाहिलं. मग त्याने घसा खाकरला आणि जिन्यात वाकून ओरडला, "मालकीणबाई म्हणतात, पिवळा थोडा वाढवा, निळा चिमूटभर!"

खालून जावयाचा आवाज आला.

"कोण म्हणतं?"

मास्तरने दोन पायऱ्या उतरून, गिऱ्हाइकालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, पुन्हा सांगितलं.