टेपवरचं हळदकुंकू

खंडेनवमीला माझा लेक कामाला आहे त्या भोसरीच्या शेडमध्ये मशीनची पूजा असते, घरच्यांनाही बोलावणं असतं. यंदा मालक नानासाहेब माझ्या लेकाला, कुलदीपला, म्हणाले, "पोरगी गाते म्हणे तुझी? आरतीनंतर होऊन जाऊ दे."

त्यांना वाटलं, भावगीत असेल.

माझी नात वर्षाली गाते ते पंक, म्हणजे गिटार-ड्रमवर आरडाओरडा. तिचा मित्र नौशाद ड्रम वाजवतो, त्याच्या वडिलांच्या गॅरेजात दोघं सराव करतात. सूर थोडे असले तरी चालतात, पण ओरडायचं ते मनातलं, असं ती सांगते. ती गोष्टी लिहिते, झेरॉक्स काढून फुकट वाटते आणि त्याच गोष्टी गिटारवर ओरडते. मी म्हातारपणी वाचायला शिकले, तेव्हापासून नवी गोष्ट आधी माझ्या हातात येते.

शेडमध्ये गायला तिने जी गोष्ट निवडली, ती वाचून मी तिला हाक मारली. पत्रा कापणाऱ्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहत नाही. गोष्टीतला माणूस माल लवकर निघावा म्हणून एक बटण टेपने कायमचं दाबून ठेवतो. मग त्याची बोटं जातात.

कुलदीपच्या प्रेसवरही तशीच टेप होती. जेवताना त्यानेच एकदा हसत सांगितलेलं.

"हे तिथं नको गं," मी म्हणाले. "बापाला घरी बसवशील."

"गोष्टच आहे, आज्जी. खोटी."

"मग तुझ्या बापाची मशीन कशाला त्यात?"

"आणि बोटं गेल्यावर घरी बसले तर?"

मी कागदाची घडी घालून तिला परत दिला.

शेडमध्ये प्रेस धुऊनपुसून लख्ख केली होती. झेंडूचा हार घातला होता. टेप मात्र कुणी काढली नव्हती. उलट तिच्यावरही हळदकुंकू लावलं होतं.

आरती झाली. नौशादने ड्रम बडवला आणि वर्षाली ओरडायला लागली. आधी पोरं हसली. मग बटणाची ओळ आली, आणि पेढे धरलेले हात तसेच राहिले.

"भावा, पोरगी आहे का युनियन?" मागून कुणीतरी म्हणालं. कुलदीप हसला नाही.

गाणं थांबलं. नानासाहेबांनी विचारलं, "कुठल्या कंपनीची म्हणायची ही गोष्ट?" प्रेसकडे मात्र त्यांनी बघितलंच नाही.

कुलदीप उठला. हार बाजूला करून नखाने टेप सोलली. बटण टक्कन वर आलं.

"आपलीच, शेठ. टेप मीच लावलेली."

"आणि माल?"

"दोन हातांनी निघेल तेवढा."

"बघू. दसऱ्यानंतर बोलू."

घरी आल्यावर तो वर्षालीशी बोलला नाही. दसऱ्याच्या दिवशीही नाही. फोन वाजला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायचो.

संध्याकाळी त्याने पाया पडून माझ्या तळव्यावर आपट्याची पानं ठेवली. मी पानं घेतली, पण त्याचा हात सोडवेना.

"सोड की, आई," तो म्हणाला. "वर्षालीला सोनं द्यायचंय अजून."