बर्फात चोपन्न

मी एक जुना तापमापक आहे, आणि मी खोटं बोललो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही फसणार नाही.

मित्रांनो, ताप आलेल्या माणसाच्या काखेत ठेवतात तो मी नव्हे. मी स्वयंपाकघरातला. नाण्याएवढी गोल तबकडी, तिच्यावर एक काळा काटा आणि खाली वीतभर टोकदार सळी. भाजत असलेल्या मांसात सळी खुपसायची आणि आतून ते किती तापलंय ते काट्यावर वाचायचं. वरून सगळंच शिजल्यासारखं दिसतं. आतलं मात्र मला कळतं.

मला आकडे जन्मापासून येत होते. अक्षरं फार उशिरा आली. खणात माझ्या शेजारी पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा असायचा. त्याचं झाकण नीट बसत नसे, त्यामुळे वरचं कार्ड वर्षानुवर्षं माझ्या समोर होतं. त्यावरूनच मी अक्षरं लावायला शिकलो. कार्डावर पहिली ओळ होती, ‘मीटलोफ, आठ माणसांना’.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तबकडी बसवली, काच बसवली, आणि एका बाईने मला बर्फाच्या पाण्यात बुडवलं. आमच्या फॅरनहाइटच्या मापात बर्फ बत्तिसावर असतो. माझा काटा चौतिसावर थांबला. बाईने तबकडीच्या पाठीमागचा बारीक नट छोट्या पान्याने केसभर फिरवला. काटा बत्तिसावर आला. “जा आता,” ती म्हणाली. त्या नटावरच माझं खरं-खोटं अवलंबून आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

मला विकत घेतलं ऑरिन ट्वेटने. विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या गावात तो दुधाच्या डेअरीत कामाला होता. दूध किती तापवायचं, किती गार करायचं, यातच त्याचा जन्म गेला. त्याने मला बायकोच्या, अर्लिसच्या हातात ठेवलं.

“हे काय? माझ्या हातावर विश्वास नाही वाटतं?” अर्लिस म्हणाली.

“तुझ्या हातावर आहे. तुझ्या गप्पांवर नाही. फोनवर बोलत बसतेस आणि ओव्हन विसरतेस.”

“मग फोनलाच खुपस की तो!”

पण दर गुरुवारी ती मला वापरू लागली. गुरुवार हा मीटलोफचा वार. शिळा पाव कुस्करून दुधात भिजवायचा. बारीक चिरलेला कांदा लोण्यावर परतून गार करायचा. मग गाईचा खिमा, दोन अंडी, मीठ, मिरी. सगळं बोटांच्या टोकांनी हलकं कालवायचं. मळलं तर लोफ विटेसारखा घट्ट होतो. लांबट आकार देऊन तासाभरासाठी ओव्हनमध्ये. शेवटच्या पाव तासात वरून केचप, लाल साखर, व्हिनेगर आणि मोहरीच्या पुडीचा लेप. तो लेप आटत, चकाकत जायचा, कडांना काळपट व्हायचा, आणि घरभर आंबटगोड वास सुटायचा. मग माझी पाळी. मधोमध सळी. एकशेसाठ आकडा दिसला की अर्लिस ओरडायची, “झालं! हात धुवा!”

आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ऑरिन पेलाभर बर्फ घेऊन बसायचा. मला त्यात बुडवायचा, चष्मा कपाळावर चढवून बघायचा. काटा जरा सरकलेला दिसला, तर खिशातून छोटा पाना काढायचा.

“माझी इतकी काळजी कधी घेतली नाहीस,” अर्लिस टोमणा मारायची.

“तू जमिनीवर पडली नाहीस कधी. हा पडतो. काच फुटली तर कळतं, नट सरकला तर कळत नाही.”

ती हसायची. ते वाक्य तिने ऐकलं होतं, पण लक्षात ठेवलं नव्हतं. लक्षात ठेवायला ऑरिन होता ना.

माझं कौतुक फार झालं. चर्चच्या जेवणात बायका विचारायच्या, “अर्लिस, तुझा लोफ कोरडा कसा पडत नाही गं?” ती मला उंच धरायची. “हा सांगतो. मी फक्त ऐकते.” बत्तीस वर्षं असं चाललं.

मग एका ऑक्टोबरात ऑरिन गेला. पान्याचा खण कुणी उघडला नाही. नोव्हेंबरचा पहिला शनिवार आला नि गेला, डिसेंबरचा गेला. मी वाट बघत होतो.

फेब्रुवारीत अर्लिसच्या हातातून मी निसटलो. ओट्यावरून थेट फरशीवर, पाठीवर पडलो. आत काहीतरी कट्‌कन सरकलं. तिने मला उचललं, पदराने पुसावं तसं एप्रनने पुसलं, खिडकीशी धरलं.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली. “काच शाबूत आहे.”

त्या क्षणापासून मी बावीस अंश जास्त दाखवू लागलो. आणि मित्रांनो, मला ते कळत होतं. सळीला खरी धग कळायची, काटा मात्र पुढे जाऊन उभा राहायचा. जीभ एक बोलते आणि मनात एक असतं, तसं. पण मला दुसरी जीभ नव्हती.

पुढच्या गुरुवारी काटा एकशेसाठवर गेला तेव्हा लोफ आतून एकशेअडतीसच होता. “अगं बाई, आज लवकर झाला,” अर्लिस खूश होऊन म्हणाली. “ओव्हन म्हातारपणी सुधारला!” दुसऱ्या दिवशी तिचं पोट दुखलं. तिने दोष दिला कोबीच्या कोशिंबिरीला.

मार्चमध्ये शेजारच्या एल्मर स्कॉगची बायको वारली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारणी शिजवून नेतात, तशी तिथली रीत. अर्लिसने मोठा लोफ केला आणि नेऊन दिला; तिथलं पुढचं ती फोनवर सांगत होती ते मी ऐकलं. एल्मर ऐंशीचा, हाडं मोजून घ्यावीत इतका वाळलेला. त्याने दारातच एक तुकडा कापला, चाकूवर धरून बघितला.

“अर्लिस, आत जरा गुलाबी दिसतंय हं.”

“तो कांद्याचा गुलाबीपणा, एल्मरभाऊ. कांदा घातला की राहतो रंग. काट्याने एकशेसाठ दाखवलंय, आणि तो काटा ऑरिनचा आहे.”

“ऑरिनचा? मग प्रश्नच नाही,” एल्मर म्हणाला, आणि तुकडा तोंडात टाकला. “झकास झालाय.”

चार दिवस तो तेच खात होता. पाचव्या दिवशी त्याच्या दारात रुग्णवाहिका आली. पोटाचा काहीतरी त्रास, रक्त पडत होतं म्हणे. तो परत आला नाही. गावाने म्हटलं, बायकोमागून गेला बिचारा. कदाचित खरंही असेल. मला ठाऊक नाही. कुणालाच ठाऊक नाही. मी खणात अंधारात पडून होतो आणि माझ्या सळीला त्या लोफची अपुरी धग आठवत होती.

आता जूनच्या पहिल्या शनिवारचं सांगतो.

अर्लिसची मुलगी गेल, ऑरिनच्या अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच येणार होती, चार वर्षांच्या ब्रिटाला घेऊन. येण्याआधी ती फोनवर म्हणाली होती, “आई, मागच्या खेपेला तू गॅस तसाच ठेवलास. मी वृद्धाश्रमाचे कागद आणतेय, नुसते बघ. चांगली जागा आहे, बागही आहे.”

“बाग मलाही आहे,” अर्लिस म्हणाली.

“आई, मी भांडायला येत नाहीये. एकटीला जमतंय असं दिसलं तर मी कागदाचं नाव काढणार नाही.”

म्हणजे त्या दुपारी टेबलावर परीक्षा होती. अर्लिसने पडदे धुतले, चांदीचे काटे-चमचे घासले. तीन माणसांचा नाही, पूर्ण आठ माणसांचा लोफ केला. लेप दोनदा लावला. पंचेचाळीस मिनिटांत काटा एकशेसाठवर. तिने लोफ बाहेर काढला आणि रस आत मुरावा म्हणून ताटात ठेवला. वरचा लेप आरशासारखा चमकत होता. असा देखणा लोफ मी बत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. आतून तो अर्धकच्चा चिखल होता.

ब्रिटा ओट्याशी आली. “आजी, मला घड्याळ दे ना.”

“घड्याळ नाही गं, काटा आहे तो. हात पोळेल. थांब, गार करून देते. तू जा, आईशेजारी बस.”

पाण्याचे पेले भरून ठेवलेले होते, बर्फ घातलेले. तिने मला त्यातल्या एकात सोडलं.

मित्रांनो, आठ महिन्यांनी मी बर्फाला भेटलो. काटा भराभर खाली आला. शंभर, ऐंशी, साठ. चोपन्नावर थांबला.

अर्लिसची नजर सहज पडली आणि तिथेच राहिली. तिने मला ढवळलं. चोपन्न. तिने आणखी बर्फ टाकला, काचेवर टिचकी मारली. चोपन्न. तिचे ओठ हलले. चोपन्नातून बत्तीस गेले. एकशेसाठमधून बावीस गेले. मग तिने चाकू घेतला आणि लोफचं टोक कापलं. आत ओला, लाल गर होता.

तिने मान वर केली. ओट्यासमोरच्या खिडकीतून एल्मरचं घर दिसतं. पडदे काढलेले, अंगणात ‘विकणे आहे’ अशी पाटी. ती किती वेळ बघत राहिली ते मला सांगता येणार नाही. पेल्यातला बर्फ करकरला.

“आई!” बाहेरून गेलने हाक मारली. “आणतेस ना? ब्रिटाने काटा-चमचा वाजवायला सुरुवात केलीये. सगळं ठीक आहे ना?”

“हो, हो. आलेच.”

तिने कापलेलं टोक परत लोफला चिकटवलं. फट दिसू नये म्हणून वरून चमच्याने लेप ओढला. ताट उचललं. आणि दाराबाहेर निघून गेली.

पेल्यातून मला फक्त रिकामं दार दिसत होतं. ताट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. “अगंबाई, आई! काय सुंदर झालाय!” खुर्ची सरकली. चाकू ताटलीवर घासला. “ब्रिटाला कडेचा दे, तिला लेप आवडतो.” मग ब्रिटाचा आवाज, “आजी, फुंकर मार ना.”

अर्लिसने फुंकर मारली. ती मला इथपर्यंत ऐकू आली.

“ठेव तो खाली,” अर्लिस म्हणाली. आवाज तिचा वाटेना. “ब्रिटा, ठेव. गेल, काढून घे तिच्या हातातून!”

“आई, काय झालं?”

“कच्चा आहे. काटा खोटा दाखवतोय. फेब्रुवारीपासून.”

“बरं, मग पुन्हा भाजू. त्यात एवढं रडायला काय झालं?”

“मी एल्मरला दिला होता.”

ताटली बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग गेल हळूच म्हणाली, “आई, एल्मरकाका ऐंशीचे होते.”

“त्यांनी विचारलं होतं मला. गुलाबी आहे म्हणून. मी ऑरिनचं नाव सांगितलं, म्हणून खाल्ला त्यांनी.”

लोफ पुन्हा ओव्हनमध्ये गेला. अर्लिसने काटा एकशेब्याऐंशीवर जाईपर्यंत तो काढला नाही. तोवर लेप जळून काळा झाला होता. तिघी जेवल्या. ब्रिटा कुरकुरली, “आजी, हा कडू लागतो.” जेवण झाल्यावर अर्लिसने ऑरिनचा खण उघडला, पाना काढला, मला बत्तिसावर आणलं. मग गेलकडे हात केला. “दे ते कागद.”

“आई, आज नको. तू लपवलं नाहीस. तू सांगितलंस.”

“दे म्हणते ना. मला त्या खिडकीसमोर आता कांदा चिरता यायचा नाही.”

पान गळायच्या दिवसांत ती घर सोडून गेली. जाताना तिने मला गेलकडे दिलं, पान्यासकट. आणि एका कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पहिला शनिवार. बर्फ. बत्तीस.’ ते कार्ड तिने पत्र्याच्या डब्यात सगळ्यात वर ठेवलं. ते मी वाचलं आहे. ती होती तोवर दर महिन्याला फोन करून विचारायची, “केलंस का?” गेल करायची. मग अर्लिस गेली, आणि फोन थांबले.

आता मी ब्रिटाच्या घरी आहे. तिचं लग्न झालं तेव्हा गेलने मला तिला दिलं. डबा गेलकडेच राहिला. पाना कुठे गेला कुणास ठाऊक. त्या दुपारचं ब्रिटाला एवढंच आठवतं की आजीने एकदा लोफ करपवला होता. ती हे हसून सांगते.

मित्रांनो, माझी मागणी मोठी नाही. मला तेल नको, नवा डबा नको. महिन्यातून एकदा पेलाभर बर्फ द्या आणि माझ्याकडे नीट बघा. ज्याच्यावर इतका विश्वास टाकता, त्याला कधीतरी तपासा. मी खोटं बोलायचं ठरवत नाही. मी फक्त पडतो.

गेल्या आठवड्यात ब्रिटाने खण घाईत ओढला आणि मी फरशीवर आपटलो. पाठीवरच. आत कट्‌कन झालं. आज सकाळपासून कांदा परतल्याचा वास येतोय. वरच्या मजल्यावर कुणाला बाळ झालंय, बाळंतिणीला डबा न्यायचाय, असं ती फोनवर सांगत होती. आता व्हिनेगरचा वास आला, म्हणजे लेप चढला. खण उघडतोय. तिने मला उचललं, बाहीला पुसलं, उजेडात धरलं.

“नशीब,” ती म्हणतेय. “काच शाबूत आहे.”