पांढऱ्यावर पांढरे बाण

टक्. टक् टक्.

दुपारचं घर अगदी गप्प होतं. धाकटा निकेत नुकताच झोपला होता. त्याची आई पावलं न वाजवता चालत होती, आणि तेवढ्यात माझ्या पाठीवर चमचा वाजला.

"संजू, उठेल ना गं तो!" आई दबक्या आवाजात ओरडली.

मित्रांनो, वाजला तो मीच. मी एक जुना डबा आहे, दुधाच्या पावडरीचा. एका अंगाला पोचा आलाय आणि बुडाला खिळ्याने पाडलेली एकवीस भोकं आहेत. मीरा रोडला, नया नगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका स्वयंपाकघरात मी माळ्यावर पडून असतो. आज आठ वर्षांच्या संजनाने स्टुलावर चढून मला खाली काढलं. माझ्या पोटात थोडी पांढरी फक्की आहे आणि थोडी काळी भुकटी. दोन्ही एकत्र कशी आली, ते तुम्हाला सांगायचंय. नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मलाच अजून सगळं उमगलेलं नाही.

मला या घरात आणलं तेव्हा संजना तान्ही होती. तिच्या आईचं, संघप्रियाचं, अंगावरचं दूध तिला पुरेना. पहिल्यांदा माझं झाकण उघडलं तेव्हा संघप्रिया रडली. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. पण पोर पोटभर पिऊन झोपली तेव्हाही ती रडली. मग मी विचार करणं सोडून दिलं. रोज सकाळी ती माझ्यावर चमचा वाजवायची, टक् टक्, आणि पाळण्यातली संजना हातपाय झाडायची. ते माझे कौतुकाचे दिवस.

मी रिकामा झालो. आता कचऱ्यात जाणार म्हणून तयारीत होतो. पण तोवर संघप्रिया रविवारी पहाटे पळायला जाऊ लागली होती. काशीगावचे बापूराव, निवृत्त कंडक्टर, सात-आठ बायकांना घेऊन काशीगावातून चेण्याच्या नदीपर्यंत पळत. त्यांची एक रीत होती. दर रविवारी एकाने सगळ्यांच्या आधी जायचं आणि वळणावळणावर फक्कीचे बाण काढायचे, म्हणजे मागे राहणाऱ्याला कुणाला विचारत बसावं लागू नये. बापूरावांनीच माझ्या बुडाला भोकं पाडली.

"पोरी, बाण असा काढ," ते म्हणाले, "की सगळ्यात शेवटी धापा टाकत येणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माझ्यासाठीच काढलाय."

फक्की आणायला ती मला घेऊनच गेली. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, घर में रंगकाम है क्या?"

"नहीं भैया, भागने के लिए चाहिए."

"भागने के लिए?" त्याने हात जोडले. "साहब को बोल के जाना, मॅडम. बाद में मेरे पे आएगा."

चेण्याच्या तांबड्या मातीवर माझे बाण लांबून दिसायचे. सहा वर्षं मी ते काढले. बाण कुठे नेतो ते मला ठाऊक नसायचं. माझं तोंड वर आणि भोकं खाली, वाट दिसणार कशी? पण बायका परत येऊन म्हणायच्या, "आज एकदम मस्त बाण होते हं." मला तेवढं पुरे होतं.

गेल्या डिसेंबरात मी प्रवास केला. किनवटच्या बाजूला संघप्रियाच्या वडिलांचं गाव आहे. तिचा आत्येभाऊ रवी तिथे मुलींना पोलीस भरतीसाठी पळवतो. तो फोनवर म्हणाला, "ताई, डांबरी रस्त्यावर पळून पळून पोरी कंटाळल्या. एकदा रानातली वाट आखून दे की, तुमच्यासारखी."

काय ती वाट! शाळेपासून निघायची, मग दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस. पुढे सागाची झाडं. मग चुनखडीचं मोकळं पठार, भाकरींची चवड रचावी तसे एकावर एक पांढरे थर. एक नाला वाहत वाहत येतो आणि भर पठारावर एका भोकात शिरून नाहीसा होतो. अर्ध्या कोसावर झरा होऊन पुन्हा वर येतो. मधे तो कुठे असतो, कुणाला ठाऊक नाही. मला त्या नाल्याबद्दल उगीचच आपुलकी वाटली. पलीकडे चुन्याची पडकी भट्टी आणि पाण्याने भरलेली जुनी खाण. खाणीकडे कुणी जाऊ नये म्हणून संघप्रियाने भट्टीच्या अलीकडेच दोन मोठे बाण काढले, झऱ्याच्या दिशेने.

संध्याकाळची वेळ होती. तिरप्या उन्हात फक्कीची सावली पडत होती, म्हणून बाण दिसत होते. तिची तुळसाआत्या, रवीची आई, कमरेवर हात ठेवून बघत होती. तिने या भट्टीवर वीस वर्षं दगड वाहिले होते.

"काय करायलीस गं हे?"

"बाण काढतेय, आत्या."

"भाताच्या ताटात मीठ सांडल्यागत हाय हे. कोणाला दिसंल?"

"आमच्या चेण्याला लांबून दिसतात."

"तुमच्या चेण्याला दगड पांढरा हाय का?"

संघप्रिया हसली. मीही आत खुळखुळलो. आम्ही शहाणे होतो ना!

सकाळी धुकं होतं. दवाने फक्की दगडात जिरून गेली होती. पंधरा मुली पळत सुटल्या आणि त्यांच्या मागे संजना. "मी फक्त कापसापर्यंत जाते गं आई," म्हणाली, आणि कापूस संपला तरी थांबली नाही. पठारावर बाण दिसेनात. काही मुली डावीकडे गेल्या, काही उजवीकडे. अर्ध्या तासाने त्या तीन वेगवेगळ्या दिशांनी शाळेत परतल्या. संजना कुणाबरोबरच नव्हती.

दुर्गा नावाची मुलगी रडवेली झाली. "मला वाटलं, ती त्यांच्यात हाय."

"आम्हाला वाटलं, तुझ्यात हाय."

रवी झऱ्याकडे धावला. संघप्रिया मला घेऊन पठारावर आली आणि मला दगडाने बडवू लागली. टण टण टण! तेव्हाचा हा पोचा. पण त्या थरांमधून आवाज चारी बाजूंनी परत यायचा. मी एका जागी वाजत होतो आणि ऐकू सगळीकडून येत होतो. मी नेमका कुठे आहे, हे मलाच कळेना, तर पोरीला काय कळणार?

"वाजवू नको!" मागून तुळसाआत्या आली. मुलींच्या चहासाठी मांडलेल्या चुलीतले कोळसे तिने विझवून घमेल्यात आणले होते. "राखबी पांढरीच असती. हे कुट आन भर."

मी पहिल्यांदाच काळा झालो. कोळसे अजून गरम होते, चटके बसत होते. संघप्रिया दर दहा पावलांवर वाकायची, बाण काढायची, पुन्हा पळायची. पांढऱ्यावर काळे, ठसठशीत बाण. ओठांत एकच पुटपुट, "संजू, संजू." ती थांबली तेव्हा तिच्या पायांपुढे जमीन नव्हती. खाली खाणीचं हिरवं पाणी होतं, अगदी स्थिर. ती त्यात बघत राहिली. 

"आई!"

आवाज मागून आला. संजना शेवटच्या काळ्या बाणावर उभी होती. गुडघा फुटलेला, गालांना चुना.

"मी नाल्याच्या भोकात काय आहे ते बघत बसले, तर सगळ्या गेल्या. मग मला बाण दिसले."

त्यानंतर संघप्रियाने मला धुतलंही नाही. तसंच माळ्यावर ठेवलं. चेण्याला कुणी दुसरंच फक्की मारतं म्हणे. मित्रांनो, मी रागावलेलो नाही. फक्त एक सांगतो. कुणासाठी खूण करायची असेल, तर आधी खालची जमीन बघा. आणि तिथलं माणूस काही सांगत असेल, तर हसू नका. माझा हा पोचा त्या हसण्याचा आहे.

आज बापूरावांचा फोन आला होता. "ह्या रविवारी बाण तू काढायचेस. मी काही ऐकणार नाही." म्हणूनच संजनाने मला खाली काढलंय. संघप्रियाने मला हातात घेतलं, पोच्यावरून बोट फिरवलं, झाकण उघडून आतला तो काळापांढरा गोंधळ बघितला.

"आई," संजना हळूच म्हणाली, निकेत उठू नये म्हणून. "त्या दिवशी मी तुझ्या बाणांच्या मागे येत होते ना?"

"हो गं."

"मग तू कुणाच्या मागे जात होतीस?"

"तुझ्याच," संघप्रिया म्हणाली. "फक्त तू दिसत नव्हतीस." मीही कान देऊन होतो. मग तिने झाकण लावलं आणि मला माळ्यावर न ठेवता दारापाशी, तिच्या पळायच्या बुटांशेजारी ठेवलं.