राहुटीत एकट्याने काढलेली रात्र

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुम्ही तेरा वर्षांचे आहात. मार्गशीर्षातली संध्याकाळ आहे. घर दोन मैल मागे राहिले आहे आणि तुम्ही काळ्या रानात एकटेच उभे आहात. जवळ एक कंदील, आईने दिलेला भाकरीचा डबा आणि एक कापडी घर आहे. त्या घराला भिंती नाहीत, कडी नाही, कुलूप नाही. आजची रात्र तुम्हाला त्यातच काढायची आहे, एकट्याने. दिसले ते घर?

तेच घर मी. मी एक जुनी राहुटी आहे. आता शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे पडून असते. माझ्या अंगावर काळे ठिपके पडले आहेत. ते कसे पडले, हेही मी सांगणार आहे.

माझा जन्म कानपूरकडे झाला. जाड कॅनव्हासचे तुकडे मेणाच्या दोऱ्याने शिवून मला आकार दिला. दोन खांब, बारा खुंट्या आणि पुढे नाड्यांनी बांधायचा पडदा. शिवणाऱ्याने पडद्याच्या कडेला शाईने चारचा आकडा घातला होता. चार माणसे झोपतील एवढी माझ्यात जागा आहे, असा त्याचा अर्थ. काही वर्षे मी लष्कराच्या कामी होते. मग सोलापूरच्या जुन्या बाजारात आले. तिथून अफजलपूरच्या शाळेतले स्काउटचे मास्तर, नरहरराव सर, मला मोटारीच्या टपावर बांधून घेऊन आले. त्या वेळी आमच्या राज्याला म्हैसूर म्हणत.

शाळेत माझे कौतुक फार झाले. मला उभी करायला मुलांची झुंबड उडे. एक जण खांब धरी, दुसरा मोगरीने खुंटी ठोकी, तिसरा नुसताच ओरडे. जत्रेत हरवलेली पोरे माझ्यात आणून बसवत. मला वाटे, आपण मोठ्या उपयोगाच्या आहोत. या वाटण्याला पुढे एका रात्रीत तडा गेला. तीच रात्र तुम्हाला सांगायची आहे.

त्या पावसाळ्यात भीमेला पूर आला. काठावरच्या कितीतरी झोपड्या अंथरुणा-पांघरुणासकट वाहून गेल्या. थंडी तोंडावर आली तेव्हा सरांनी ठरवले की, मुलांची सायकल फेरी काढायची. गावोगाव जाऊन चादरी, वाकळा, घोंगड्या गोळा करायच्या आणि पुरातल्या माणसांना नेऊन द्यायच्या. तीन दिवसांची फेरी. म्हणून सरांनी एक नियम घातला. ज्याला यायचे आहे त्याने आधी एक रात्र माझ्यात एकट्याने काढायची. कुणाची सोबत नाही, कुणाची मदत नाही. मागच्या वर्षीच्या शिबिरात एक मुलगा रात्री रडत घरी पळाला होता आणि त्याला शोधण्यात सगळ्यांची झोप गेली होती.

तो मुलगा म्हणजे भीमसेन. कचेरीतले कारकून पांडुरंगराव यांचा मुलगा. या खेपेला सगळ्यांच्या पाळ्या झाल्या होत्या आणि शेवटची त्याची उरली होती.

"भीमू, बरोबर कोण, आई का आजी?" लिंगराज नावाच्या वर्गमित्राने विचारले.

"कुणी नाही. एकटा जायलोय मी."

"मग कंदिलात तेल जास्त घाल. आन् हे बघ, कोल्हा आला तर त्याला सांग, मी पांडुरंगरावांचा मुलगा हाय. कचेरीच्या नावानं पळंल."

सगळे हसले. भीमसेन हसला नाही. हा मुलगा रात्र काढू शकला नाही, तर फेरीला जाणार नव्हता आणि भित्रा हे नाव शाळा सुटेपर्यंत त्याला चिकटणार होते. माझे दोर आवळताना त्याचे हात किती घट्ट होते, ते मला कळत होते.

त्याने मला वडिलांच्याच रानात उभी केली. उसासाठी मोकळे ठेवलेले रान होते ते. त्याच रानात पिराप्पा नावाच्या मेंढपाळाची मेंढरे बसवली होती. आमच्याकडे ही जुनी रीत आहे. लागवडीआधी मेंढपाळाला बोलवायचे. त्याची मेंढरे आठ-दहा रात्री रानात बसतात, लेंड्यांनी जमीन कसदार होते आणि मालक त्याला धान्य देतो. मेंढरांभोवती जाळी बांधलेली असते. तिला वाघर म्हणतात. पिराप्पा त्या वाघरीपाशी उघड्यावर, एका घोंगडीत झोपे.

तो माझ्याकडे बघत आला.

"डेरा झकास हाय, अण्णा. पर खुट्यांवर दगडं ठिवा. काळीत खुटी लोण्यावाणी आत जाती, आन् पाणी लागलं की लोण्यावाणीच भाईर येती."

"पुस्तकात तसं नाही," भीमसेन म्हणाला.

"पुस्तक लिवणारा काळीत झोपला नसंल."

"आता कुठला पाऊस, पिराप्पा? आणि मला मदत घ्यायची नाही. नियम आहे."

"म्या मदत कुठं करायलोय? बोलायलोय निस्तं," असे म्हणत पिराप्पा हसत परत गेला.

पण पाऊस आला. अवकाळी आणि वाऱ्यासकट. माझ्या अंगावर पाण्याचे सपके बसू लागले. भीमसेन मध्यभागी उकिडवा बसला होता. तो रडत नव्हता. मला त्याचा अभिमान वाटत होता, हे मी कबूल करते.

तेवढ्यात पडद्यापाशी आवाज आला.

"अण्णा, जागा हाईस का?"

"कोण?"

"म्या पिराप्पा. मेंढी व्यालीय. कोकरू भिजून गारठलंय, घोंगडीबी चिंब झाली. मला नगं. ह्येला तेवढं आत घे. कोपऱ्यात पडंल गप."

भीमसेन नाडीपर्यंत आला. त्याचा हात गाठीवर होता. मग तो हात थांबला.

"नाही जमत, पिराप्पा. एकट्यानंच राहायचं आहे."

"कोकराला माणूस म्हनत्यात व्हय तुमचं सर?"

"सोबत म्हणजे सोबत. ते खोदून विचारतात सगळं. मी खोटं बोलणार नाही. तू जा इथून."

बाहेर पिराप्पाने माझा एक दोर चाचपून पाहिला. मग म्हणाला, "बरं. दोर जरा ढिलं सोड. भिजलं की ताणत्यात."

तो लगेच गेला नाही. माझ्याभोवती त्याची पावले चिखलात वाजत राहिली. मधूनच काहीतरी जड खाली ठेवल्याचा आवाज होई. भीमसेनने पांघरूण डोक्यावरून घेतले होते. मला मात्र कळत होते. खुंट्या एकेक करून सुटायला लागल्या होत्या आणि तो बांधावरचे दगड आणून त्यांच्यावर ठेवत होता. एका काखेत कोकरू धरून, दुसऱ्या हाताने. बाराही खुंट्यांवर त्याने दगड ठेवले. मग मेंढ्यांकडे गेला.

मित्रांनो, माझ्यात चार जणांची जागा होती. त्या रात्री एक मुलगा मध्ये बसला होता आणि बाकीची जागा कोरडी, रिकामी होती. मला हात असते तर ती गाठ मी सोडली असती. मी कापड आहे. माझ्याने काही झाले नाही.

सकाळी ऊन पडले. भीमसेन बाहेर आला. बांधाजवळच्या बाभळीखाली पिराप्पा कुदळीने लहानसा खड्डा करत होता. शेजारी कोकरू पडले होते. मेंढी वाघरीतून ओरडत होती.

"कधी गेलं?" भीमसेनने विचारले.

"पहाटं," पिराप्पा म्हणाला आणि खणत राहिला.

भीमसेन आणखी काही बोलणार, तोच सायकलींच्या घंटा वाजल्या. सर आणि मुले आली. सर माझ्याभोवती एक चक्कर मारून थांबले.

"शाब्बास! काल गावात दोन छपरं उडाली आणि ही जागची हलली नाही. दगड ठेवायचं तुला सुचलं? मी शिकवलं नव्हतं."

भीमसेनने तेव्हाच ते दगड पहिल्यांदा नीट पाहिले. मग बाभळीकडे पाहिले. पिराप्पाने मान वर केली नाही.

"एकटाच होतास ना?"

"हो सर."

"कुणाची मदत?"

"नाही सर."

"मग उद्या झेंडा तुझ्या हातात. तू सगळ्यांत पुढे."

लिंगराजने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. "कोल्हा आला न्हाई काय रे?" पण त्या गुद्द्यात आता टवाळी नव्हती. भीमसेनला इतके दिवस जे हवे होते ते सगळे त्या सकाळी मिळाले. त्याने घाईघाईने मला ओलीच गुंडाळली आणि करकचून बांधली.

इथे एक विनंती करते. भिजलेली राहुटी वाळवल्याशिवाय कधी गुंडाळू नका. तासभर उन्हात पसरली असती, तरी मला पुरले असते. माझ्या अंगावरचे काळे ठिपके त्या सकाळचे आहेत. बुरशी एकदा धाग्यात शिरली की जात नाही. पुढे मी जागोजाग विरले, मुले नाक मुरडू लागली आणि शेवटी मला या अडगळीत टाकले. पण त्या दिवशी मला स्वतःचे काही वाटत नव्हते. एक साधी गोष्ट बोलायची राहून गेली होती आणि ती माझ्याबरोबर ओलीच बांधली गेली होती.

दुसऱ्या दिवशी फेरी निघाली. मी भीमसेनच्या मागे कॅरिअरवर होते. त्याच्या सायकलला झेंडा होता. गावागावांत बायका ओवाळत होत्या, कुणी गूळ-शेंगा देत होते. दुपारपर्यंत आम्ही करजगीला पोहोचलो. शाळेपुढे माणसे जमली. कुणी चादर दिली, कुणी मुलीच्या लग्नातली सतरंजी दिली. मग एक बाई नवी घोंगडी खांद्यावर टाकून आली.

"अंबुबाई, एवढी नवी कामून देतीस?" गर्दीतल्या एकाने विचारले. "जुनी दे की!"

"जुनी कुणाला ऊब देती?" ती म्हणाली. "परवाच्या पावसात आमचं कोकरू गारठून गेलं. अफजलपुराकडं, ह्यांच्याजवळ. काल निरोप आला. मानसाचं लेकरू तरी असं जाऊ नये."

ती पिराप्पाची बायको होती. तिने घोंगडी सगळ्यांत पुढे उभ्या असलेल्या मुलापुढे धरली.

"घे की, भीमसेन," सर म्हणाले.

पिराप्पाने निरोपात कुणाचे नाव धाडले नव्हते. भीमसेनने घोंगडी मुकाट्याने घेतली असती, तर कुणाला काही कळले नसते. त्याने हात पुढे केले आणि मागे घेतले. सायकल भिंतीला टेकवली.

"अंबूमावशी, ते कोकरू माझ्या राहुटीपाशी आणलं होतं. मी आत घेतलं नाही."

तिने पुढे धरलेली घोंगडी खाली घेतली.

"सर, दगड मी ठेवले नव्हते. पिराप्पामामांनी ठेवले. मी नाही म्हटल्यावर, पावसात. काल मी खोटं बोललो."

सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"कोकराला आत घेतलं असतंस, तर मी तुला फेरीतून काढलं असतं, असं वाटलं तुला?"

"नियम होता, सर."

"होता," सर हळू म्हणाले. "तो मीच घातला होता. आणि कशासाठी निघालो आहोत, ते सांगायचं मीच विसरलो."

अंबुबाईने घोंगडी परत नेली नाही. तिने ती लिंगराजच्या कॅरिअरवर ठेवली आणि भीमसेनला म्हणाली, "खरं बोललास, बरं केलंस. पर कोकरू गेलं ते गेलं रे, बाबा." एवढेच बोलून ती घराकडे वळली.

भीमसेनने झेंडा सोडवून लिंगराजच्या हातात दिला आणि सरांना म्हणाला, "मी परत पिराप्पामामांकडे जातो." या वेळी लिंगराजने थट्टा केली नाही. "राहुटी घेऊन जा," सर म्हणाले, "आम्ही शाळेच्या व्हरांड्यात झोपू."

मित्रांनो, ज्याच्याकडे छप्पर आहे त्याने ते कोरडे ठेवावे, हे मी सांगितलेच. पण नुसते कोरडे छप्पर काय कामाचे? कुणी दाराशी उभे असेल, तर आधी दार उघडावे. नियमाचे उत्तर सकाळी देता येते. गारठलेल्या जिवाला सकाळपर्यंत थांबता येत नाही. मी म्हातारी झाले. आणखी काही शिकवण्याची माझी ताकद नाही.

आम्ही दोघे अफजलपूरच्या रानात परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. भीमसेनने मला वाघरीजवळ उभी केली आणि पडदा वर बांधला. पिराप्पा मेंढरे घेऊन आला.

"मामा, आज तुम्ही आत झोपा," भीमसेन म्हणाला. "लहान कोकरं असतील, त्यांनाही आत घ्या."

पिराप्पाने स्वच्छ आभाळाकडे पाहिले.

"आता पाऊस न्हाई, अण्णा."

पिराप्पाने मेंढरे वाघरीत घेतली, जाळी बांधली आणि घोंगडी अंथरून बाहेरच बसला. मी पडदा उघडा ठेवून रिकामी उभी होते. भीमसेन थोडा वेळ माझ्या दाराशी उभा राहिला. मग कंदील विझवून तो तिकडे गेला आणि पिराप्पाशेजारी उघड्या मातीत बसला.