खिशातलं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे, मित्रांनो. जमिनीवर बसणारा, पाठीवर काळं रबर असलेला, गोल काचेआड लाल काटा फिरवणारा. माझा पांढरा रंग जागोजागी उडाला आहे आणि एक पाय अधू आहे. पण मान खाली घालून बसलो आहे तो त्यामुळे नव्हे. अंगावरच्या ओरखड्यांची लाज वाटत नाही. लाज वाटते ती माझ्याकडून करून घेतलेल्या कामाची.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात स्प्रिंग बसवली, पाठीवर लोखंडी मापं ठेवून काटा जुळवला, आणि तपासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने मला थोपटून म्हटलं, "जा बाबा, खरं बोल म्हणजे झालं." मी तो गुरुमंत्रच मानला.

तिथून मी मुलांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात आलो. तिथल्या सिस्टरचा माझ्यावर फार जीव. रोज सकाळी मला पुसायच्या, काटा शून्यावर आणायच्या आणि मगच दार उघडायच्या. त्यांचा एक नियम होता. बूट काढा, स्वेटर काढा, मग वजन.

"अहो सिस्टर, गारठेल की लेकरू!" एखादी आजी कुरकुरायची.

"क्षणभराचं काम आहे, आजी. आपल्याला बाळाचं वजन हवंय, लोकरीचं नाही."

जे बाळ उभं राहू शकत नाही त्याचं वजन कसं करायचं, ठाऊक आहे? आधी आईने बाळाला कडेवर घेऊन माझ्यावर उभं राहायचं, मग एकटीने. दोन आकड्यांची वजाबाकी केली की उरलं ते बाळ. मला या वजाबाकीचं नेहमी नवल वाटे. एका जिवातून दुसरा जीव वजा करायचा!

पुढे सिस्टरना स्वतःची मुलगी झाली. तिचे बाबा प्लंबर. दवाखान्यातले गळके नळ तेच दुरुस्त करायचे. पहिल्या वजनाच्या दिवशी "मीच घेणार तिला" म्हणून हट्टाने पोरीला घेऊन माझ्यावर चढले. मग तिला आईकडे दिलं, खिशात टोचतोय म्हणून मोठा पाना काढून टेबलावर ठेवला आणि एकटे उभे राहिले. वजाबाकी झाली तशी डॉक्टरांनी चष्मा वर केला. "सिस्टर, मुलगी एका दिवसात एवढी भरली? अहो, तुमच्या यजमानांनी पानासुद्धा पोरीच्या नावावर टाकलाय!" सगळा दवाखाना हसला. बाबा तर डोळे पुसेपर्यंत हसले. ही गोष्ट त्या घरात इतक्यांदा सांगितली गेली, की मुलीला ती चालता यायच्या आधी पाठ झाली असेल.

मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. डॉक्टर थकले, दवाखाना बंद झाला, तेव्हा सिस्टर मला घरी घेऊन आल्या. भिंगरी माझ्यावर उड्या मारायची, बाहुलीला उभं करायची. मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस.

मग त्या घरात शब्दाला शब्द लागू लागला. आधी दारं आपटली, पुढे बोलणंच बंद झालं. बाबा पिशवी उचलून गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका खोलीत राहायला गेले. घटस्फोट झाला. भांडी वाटली गेली, कपाट वाटलं गेलं. भिंगरी कशी वाटायची? कोर्टाने तात्पुरतं सांगितलं, शाळेचे दिवस आईकडे, शनिवार-रविवार बाबांकडे. मुलगी कायमची कुणाकडे, ते नंतर ठरणार होतं.

त्या 'नंतर'ने सिस्टरना पोखरलं. पोर बाबांकडून आली की त्या तिचे गाल चाचपायच्या. "जेवलीस का? काय जेवलीस? बघ, कशी वाळलीय!" त्यांच्या वकिलांनी सल्ला दिला, "नुसतं बोलून भागत नाही. वजन करा. आल्या आल्या, जशी येईल तशी. फोटो काढा."

आणि मी पुन्हा कामाला लागलो. रविवारी संध्याकाळी बाबा दारातून वळले, की भिंगरीला बुटांसकट, जाकिटासकट माझ्यावर उभं करायचं. शनिवारी निघताना पुन्हा तेच. मोबाइलमध्ये माझी काच आणि तिची दोन पावलं. ज्या बाईने आज्यांची कुरकुर मोडून काढून लोकर उतरवली, तिला आता जाकीट दिसेना.

पहिल्या काही खेपांना पोर बाबांकडून किंचित हलकीच आली. येणारच. दोन दिवस बाबांबरोबर हुंदडायची ती. सिस्टर फोनवर बहिणीला म्हणाल्या, "आता बघच, कोर्टात हेच दाखवणार. मग कसा ठेवून घेतो पोरीला!" भिंगरी बाजूलाच चित्र रंगवत होती. तिचा खडू थांबलेला मला दिसला. त्यांना दिसला नाही.

पुढच्या रविवारी ती माझ्यावर चढली आणि माझा काटा दचकला. मुलगी जड होती! पण जिवंत माणसाचं वजन स्वस्थ नसतं, मित्रांनो. ते श्वासाबरोबर हलतं, या पायावरून त्या पायावर जातं. त्यातलं काही वजन मात्र निपचित पडलेलं होतं. मला ते कळलं. पण मला बोलता येतं ते फक्त आकड्यात. मी आकडा दाखवला.

खेपेमागून खेप असंच होऊ लागलं. बाबांकडून येताना जड, आईकडून जाताना हलकी. दर खेपेचे फोटो कोर्टात जात होतेच. बाबांच्या वकिलांनी तेच उचलले. "बघा, बापाकडे पोर भरते. झिजते ती आईकडे." सिस्टरचा चेहरा उतरला. त्या रात्रंदिवस पोरीला भरवू लागल्या. आणि भिंगरी? ती आता शनिवारीही जड झाली. ऐन उकाड्यात जाकीट घालून फिरायची, आणि जिचं नाव भिंगरी ती पाय ओढत चालायची.

कोर्टात मुलांशी बोलणाऱ्या एक बाई होत्या. आकड्यांचा हा गोंधळ पाहून त्या म्हणाल्या, "काटा इथेच घेऊन या. आणि दोघंही या."

अशी माझी वरात कोर्टात निघाली. खोलीत खेळणी होती, बुटकी खुर्ची होती. एका भिंतीशी आई, दुसऱ्या भिंतीशी बाबा, आणि मधे जमिनीवर मी.

"ये बाळा," बाई म्हणाल्या. "उकडतंय ना? जाकीट काढू या आधी."

"नको."

"अगं, घामाघूम झालीस."

"नको म्हटलं ना!" तिने जाकीट दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ओढाताणीत ती माझ्या कडेला अडखळली, माझा एक पाय मोडला, जाकिटाच्या खिशाचं अस्तर उसवलं आणि फरशीवर खणखणाट झाला. पितळी नट, जोडण्या, नळाची एक तुटकी मूठ. एक नट घरंगळत गेला तो थेट बाबांच्या बुटाला लागून थांबला.

"हे तर माझ्या पिशवीतलं..." बाबा तो उचलून म्हणाले.

भिंगरी रडत नव्हती. ती घाईघाईने समजावून सांगत होती, आपण रागावलेल्या मोठ्यांना सांगतो तशी. "आई म्हणाली, मी वाळले तर बाबांना मी मिळणार नाही. म्हणून मी त्या पान्याच्या गोष्टीसारखं केलं. मग आई रडायला लागली. म्हणून तिच्याकडून जाताना पण घातले. आता दोघांकडे सारखीच आहे ना मी?"



"मी तिला दर आठवड्याला खांद्यावर घेतो," बाबा खाली बघत बोलले. "पोर भरली नाहीये, हे माझ्या खांद्याला कळत होतं. पण आकडा माझ्या सोयीचा होता. मी गप्प बसलो."

सिस्टर पुटपुटल्या, "अंघोळ मी घालते. बरगड्या मी मोजू शकते तिच्या. जगाला सांगत आले, स्वेटर काढा... आणि माझ्याच लेकीचं..." त्यांनी तोंड पदरात लपवलं. मला वाटलं, मलाही पदर असता तर!

मित्रांनो, देवाने लेकरू दिलं ते कुशीत घ्यायला. त्याला आम्ही पुरावा केलं. आणि त्या पुराव्याने स्वतःच्या अंगावर पितळ लादून घेतलं, का, तर दोघांपैकी कुणीही हरू नये.

"आई, आता मी कुणाची?" भिंगरीने विचारलं, आणि तेव्हा कुठे तिला हुंदका फुटला.

सिस्टर धावल्या. लेकीला उचलून छातीशी धरताना त्यांचा पाय कुठे पडला ते त्यांनी पाहिलं नाही. पडला तो माझ्यावर. मोडक्या पायावर मी कलंडलो, पण पेललं. माझा काटा सरसरत गेला, दवाखान्यात जायचा तसा, आई आणि बाळ मिळून. बाबा जवळ आले, त्यांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. काटा अजून थोडा हलला. तो आकडा कुणी पाहिला नाही. वजाबाकी कुणी केली नाही.

ते दोघं पुन्हा एका घरात राहायला गेले नाहीत. तसं मी खोटं सांगणार नाही. पण फोटो दोघांनी मागे घेतले, दिवस आपसात ठरवले, आणि "कशी वाळलीय" हा शब्द त्या घरातून गेला.

त्या दिवशी जाण्यापूर्वी बाबांनी मला उलटं केलं आणि मोडक्या पायाच्या जागी तोच, बुटाला लागलेला, पितळी नट बसवला. आता मी कोर्टाच्या त्याच खोलीत खेळण्यांच्या कोपऱ्यात असतो. माझ्या पाठीवर ठोकळे रचून ठेवतात.

काट्याला पाठीवरचं वजन कळतं, पायाखालचं कळत नाही. तरी तो नट मला रोज जाणवतो. तुमच्या घरी मोठी माणसं भांडत असतील, तर एवढं लक्षात ठेवा, मित्रांनो: त्यांना समसमान ठेवणं हे तुमचं काम नाही. खिसे रिकामे करा. आणि तुम्ही मोठे व्हाल, भांडाल, तेव्हा आपल्या लेकराला माझ्यावर चढवू नका. मी खरा आकडा सांगेन हो. पण त्याच्या खिशात काय आहे, ते मला सांगता येणार नाही.