पाण्याची नळी

मी सांगलीच्या प्रयोगशाळेत रिसर्च इंजिनियर. उसाचा रोग पानाच्या डीएनएवरून ओळखणारं यंत्र दोन वर्षं खपून मी बनवलं, आणि पेटंटच्या अर्जावर नाव लागलं एकट्या आमच्या विभागप्रमुख मुकुल सरांचं. त्यांनी हातात कधी थेंब मोजून घ्यायचं पिपेटसुद्धा धरलं नव्हतं. म्हणून शेतकऱ्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं, तेव्हा मी गोड आवाजात म्हणाले, "सर, यंत्र तुमचं, हातही तुमचाच असू दे."

पहिल्या नळीत रोगट उसाचा अर्क, मधल्या सहांत निरोगी उसाचा, आठवीत नुसतं पाणी. पाण्याची नळी कोरी आली तरच चाचणी खरी. त्यासाठी दर नळीला पिपेटचं टोक बदलावं लागतं, नाहीतर आधीच्या नळीतला अर्क पुढच्या नळीत जातो. सरांनी एकाच टोकानं आठही नळ्या भरल्या. मी शेजारी उभी राहून बघत होते, पण चकार शब्द काढला नाही.

तासाभरानं पडद्यावर आठही नळ्यांत रोग दिसला.

आष्ट्याचे हंबीरराव उठले. "आवं सायेब, पाण्याला बी रोग हाय व्हय?"

सर माझ्याकडे बघायला लागले. सावरून घे, असं त्यांचे डोळे म्हणत होते.

"पाणी चांगलं हाय, आबा," मी म्हणाले. "हात कुणाचा हाय, ते बघा."